वेबहुकची तपासणी आणि आपोआप डिप्लॉयमेंट : मुक्तस्रोत साधनांपैकी तुम्ही प्रत्यक्षात काय वापरता?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे जळगावात लहान व्यावसायिकांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. सध्या हाती दोन कामे आहेत. पहिले एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे: कापसाची आवक, काटा पावती, गाठींचा हिशेब आणि शेतकऱ्यांची देणी. त्याचा सर्व्हर कारखान्याच्या कार्यालयातच आहे आणि तिथल्या इंटरनेट जोडणीला पब्लिक आयपी (बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता) नाही. दुसरे काम कृषी सेवा केंद्रांच्या वेबसाइटचे आहे. ती भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) चालते, तिच्यावर ऑनलाइन पैसे घेतले जातात आणि पेमेंट गेटवेचे वेबहुक (काही घडले की त्यांचा सर्व्हर आपल्या पत्त्यावर आपोआप पाठवतो ते संदेश) तिथे येतात.

आजवर आम्ही नवीन कोड एसएफटीपीने हाताने चढवत आलो. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी ही पद्धत बदलायची आहे. गिट भांडाराच्या मुख्य शाखेत कोड गेला की तो सर्व्हरवर आपोआप पोहोचावा (म्हणजेच डिप्लॉय व्हावा), आणि पेमेंटचे वेबहुक लॅपटॉपवर बसून नीट तपासता यावेत, एवढी अपेक्षा आहे. साधने मुक्तस्रोत असावीत, २ जीबी रॅमच्या यंत्रावर चालावीत आणि उद्या नवा मुलगा कामावर आला तर त्यालाही समजावीत. तुम्ही काय वापरता, ते कारणांसह सांगावे ही विनंती.

सातमाळा

तपासण्या आणि डिप्लॉयमेंट आपोआप चालवणारे जेन्किन्स वापरावे. प्रत्येक गरजेसाठी त्याचे प्लगइन उपलब्ध आहे, मदत सर्वत्र मिळते आणि नोकरीच्या मुलाखतीतही तेच विचारले जाते.

यार्ड_भुसावळ

सातमाळा भाऊ, जेन्किन्सबद्दल मला आदर आहे. २०११ मध्ये हडसन या नावापासून वेगळे होऊन ते उभे राहिले आणि आजही अनेक मोठ्या संस्थांची कामे त्यावर चालतात. परंतु ते जावावर चालते आणि लहान गटासाठी ४ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम असावी, असे त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलेले आहे. गिरणाकाठ दादांच्या २ जीबीच्या यंत्रावर डेटाबेस आणि वेब सर्व्हरच्या शेजारी त्याला बसवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते, आणि तिघांच्या गटात त्यासाठी वेळ कोण काढणार?

व्हीपीएसच्या कामासाठी मी ‘वेबहुक’ याच नावाचे गो भाषेतील लहानसे साधन वापरतो. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजांतच ते मिळते. एकच प्रोग्राम असतो, तो ९००० या पोर्टवर ऐकतो आणि जेसन किंवा यॅमल (माहिती मजकुरात मांडण्याचे साचे) फाइलमध्ये लिहिलेल्या नियमांनुसार तुमची स्क्रिप्ट चालवतो. नियम दोनच पुरतात. एक म्हणजे संदेशाची एचमॅक सही (दोघांनाच माहीत असलेल्या गुपितावरून काढलेली खूण) जुळली पाहिजे, आणि दुसरा म्हणजे संदेशातील शाखा मुख्यच असली पाहिजे. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून एचटीटीपीएस तिथे लावावे आणि ९००० पोर्ट बाहेरून बंद ठेवावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. स्क्रिप्टचे आउटपुट उत्तरात परत पाठवण्याची सोय या साधनात आहे, ती डिप्लॉयमेंटसाठी चालू करू नये. ती चालू केली की स्क्रिप्ट संपेपर्यंत उत्तर अडकून राहते. गिटहब (कोडचे भांडार ठेवणारी सेवा) १० सेकंदांत उत्तराची अपेक्षा करते आणि त्यापुढे ती डिलिव्हरी अयशस्वी म्हणून नोंदवते. पॅकेजे उतरवून घेणाऱ्या डिप्लॉयमेंटला १० सेकंद कधीच पुरत नाहीत, त्यामुळे काम व्यवस्थित होऊनही नोंदीत लाल खूण दिसत राहते आणि मग खऱ्या अपयशाकडेही कोणी लक्ष देईनासे होते.

सुवर्णनगरी

लॅपटॉपवरील तपासणीसाठी वेबहुक डॉट साइट सर्वांत सोपे आहे. पान उघडले की एक पत्ता मिळतो, तो गेटवेच्या सेटिंगमध्ये टाकावा, आलेला संदेश शीर्षकांसह डोळ्यांसमोर दिसतो. त्याचा कोडही मुक्तस्रोत आहे.

अनेर

सुवर्णनगरी दादा, संदेशाचा साचा पाहण्यासाठी ते उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. पण खऱ्या व्यवहाराचे संदेश सार्वजनिक पत्त्यावर मुळीच पाठवू नयेत. पेमेंटच्या संदेशात ग्राहकाचा मोबाइल क्रमांक, ईमेल आणि रक्कम असते, आणि तो पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला ते सगळे वाचता येते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. कोड मुक्तस्रोत असल्याचा खरा उपयोग हाच आहे की तेच साधन डॉकरने (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाने) आपल्या यंत्रावर उभे करता येते. मी चोपड्याहून पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करते आणि आमच्याकडे ते अंतर्गत नेटवर्कवरच चालते.

आता तपासणीच्या मुळाशी असलेल्या एका मुद्द्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातील माहिती मराठीत असते आणि हा दोष नेमका तिथेच उघडा पडतो.

सही तपासताना गेटवेकडून जसे बाइट आले तसेच्या तसे एचमॅकमध्ये घालावे लागतात. अनेक जण आधी जेसन उलगडतात आणि सहीसाठी ते पुन्हा जेसनमध्ये बांधतात. पीएचपीमध्ये असे केले आणि ग्राहकाचे नाव रोमन लिपीत असले, तर बहुतेक वेळा सही जुळते, कारण पुन्हा बांधलेला मजकूर मूळ मजकुरासारखाच निघतो. मग एखाद्या दिवशी टिपणाच्या रकान्यात ‘कपाशी बियाणे’ असे देवनागरीत येते. पाठवणाऱ्याने ते यूटीएफ-८ मध्ये पाठवलेले असते आणि त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचे असते. पीएचपीचे जेसन बांधणारे फंक्शन मात्र, वेगळे सांगितले नाही तर, त्याच चिन्हाचे उलटी तिरकी रेघ, यू आणि चार स्थानांचा संकेतांक असे ६ बाइटचे रूप करते. सरळ तिरक्या रेघेच्या आधीही ते एक उलटी रेघ घालते, म्हणजे संदेशात एखादा वेब पत्ता असला तरी हेच घडते. बाइट बदलले की सही बदलते आणि खरा, पैसे भरलेला व्यवहार खोटा ठरून नाकारला जातो. पायथनमध्ये तर पुन्हा बांधताना स्वल्पविरामानंतर आणि अपूर्णविरामानंतर (:) रिकामी जागा पडते, त्यामुळे तिथे पहिल्याच तपासणीत चूक पकडली जाते. पीएचपीत ती दडून राहते, म्हणून ती जास्त घातक आहे.

उपाय साधा आहे. विनंतीचा कच्चा मजकूर आधी व्हेरिएबलमध्ये घ्यावा, सही त्याच्यावर तपासावी आणि त्यानंतरच जेसन उलगडावे. सह्यांची तुलनाही साध्या बरोबरच्या चिन्हाने न करता पीएचपीत हॅश इक्वल्स, पायथनमध्ये कंपेअर डायजेस्ट आणि नोडमध्ये टायमिंग सेफ इक्वल वापरून करावी. आणि तपासणीच्या नमुन्यांत किमान एक नाव मराठीत असावेच.

देवपूर_धुळे

अनेर ताई, टिपण जपून ठेवले आहे. त्याला एक जोड देतो. आलेला संदेश फाइलमध्ये ठेवून कर्लने (आज्ञेवरून वेब विनंती पाठवणाऱ्या साधनाने) पुन्हा पाठवताना साधा डेटाचा पर्याय वापरला, तर फाइलमधील नव्या ओळींची चिन्हे गळून जातात आणि सही चुकते. डेटा-बायनरी हा पर्याय वापरला की फाइल जशीच्या तशी जाते. सही तयार करायला ओपनएसएसएल पुरेसे आहे. खरे संदेश एकदा मिळाले की त्यांतील नावे आणि मोबाइल क्रमांक बदलून त्या फाइली कोडसोबतच ठेवाव्यात. मग पुढची तपासणी कोणत्याही बाहेरच्या सेवेशिवाय, इंटरनेट बंद असतानाही करता येते.

सुवर्णनगरी

ताई, मुद्दा मान्य. खरे संदेश तिथे पाठवायला मी सुचवत नव्हतो, पण ते स्पष्ट लिहिले हे चांगले झाले.

अमळनेर_सर

विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी एक माहिती नेहमी सांगतो. ‘वेबहुक’ ही संज्ञा जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केली. आलेला संदेश पाहण्यासाठीचे पोस्टबिन, जे पुढे रिक्वेस्टबिन नावाने ओळखले गेले, तेही त्यांचेच. लॅपटॉपवरील पोर्ट बाहेर उघडणारे पहिले लोकलटनेल त्यांचे, आणि २०१३ मध्ये आलेले डोक्कू हे डिप्लॉयमेंटचे साधनही त्यांनीच सुरू केले. म्हणजे या धाग्याच्या शीर्षकातील दोन्ही कामे एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी होती, आणि त्यांनी प्रत्येकासाठी लहान, मोकळे, वाचून समजेल असे साधन लिहिले. डोक्कूची पहिली आवृत्ती सुमारे शंभर ओळींच्या बॅश स्क्रिप्टची होती. आपल्याकडची मुले सगळे तयार हवे म्हणून मोठ्या सेवांच्या मागे लागतात, तेव्हा मी त्यांना आधी अशी लहान साधने उघडून वाचायला लावतो.

गिरणाकाठ, तुमच्या व्हीपीएसवर डोक्कू बसेल. गिट पुश केले की ते कंटेनर बांधून चालू करते. वेगळे वेबहुकसुद्धा लागत नाही.

सातमाळा

सर, बांधणीचे काम त्याच २ जीबीच्या व्हीपीएसवर होणार. चालू दुकानाची वेबसाइट तेवढा वेळ मंदावेल त्याचे काय?

अमळनेर_सर

आक्षेप योग्य आहे. फ्रंटएंडची जड बांधणी असेल तर ती दुसऱ्या यंत्रावर करून तयार कंटेनरची प्रतिमा पाठवावी. साध्या पीएचपी वेबसाइटला मला अडचण दिसत नाही.

तोरणमाळ

मी नंदुरबारचा. आपल्या सगळ्यांचे लक्ष व्हीपीएसकडे आहे. गिरणाकाठ दादांचा अवघड भाग कारखान्यातला सर्व्हर आहे, आणि त्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही.

पब्लिक आयपी नाही म्हणजे बाहेरून कोणीही त्या यंत्रापर्यंत पोहोचू शकत नाही. त्यावर लोक टनेल सुचवतात, म्हणजे आतल्या यंत्राने बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करून संदेशांना आत वाट द्यायची. एनग्रोकची पहिली आवृत्ती मुक्तस्रोत होती, पुढची नाही. क्लाउडफ्लेअरच्या टनेलचा क्लायंट मुक्तस्रोत आहे, पण सेवा त्यांची. एफआरपी पूर्ण मुक्तस्रोत आहे आणि स्वतःच्या व्हीपीएसवर चालते. एसएसएचचा उलटा टनेलही चालतो. स्मी हे प्रोबॉट प्रकल्पातून आलेले साधन आहे, ते गिटहबचे संदेश लॅपटॉपपर्यंत आणते, परंतु ते विकासाच्या काळापुरतेच आहे, खऱ्या सर्व्हरसाठी नाही, असे तेच सांगतात. विकासासाठी यांपैकी काहीही निवडा. कारखान्यातल्या सर्व्हरसाठी मात्र मी एकही वापरणार नाही.

कारण असे. आमच्या भागात मिरचीच्या हंगामातसुद्धा दुपारी वीज जाते, यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि मग यंत्र बंद पडते. त्या काळात कोणी कोड पुश केला तर गिटहब संदेश पाठवते, समोरून उत्तर येत नाही, आणि अयशस्वी झालेला संदेश गिटहब आपण होऊन पुन्हा पाठवत नाही. गेल्या ३ दिवसांतील संदेश हाताने पुन्हा पाठवता येतात, पण त्यासाठी कोणीतरी पाहायला हवे. वीज आल्यावर सर्व्हर जुन्याच कोडवर सुरू होतो आणि सगळे व्यवस्थित आहे असे सर्वांना वाटत राहते.

म्हणून तिथे दिशा उलटी करावी. सर्व्हरनेच सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) टायमरने दर २ मिनिटांनी गिट फेच करावे, मुख्य शाखेचे टोक (शेवटची नोंद) बदलले असेल तर डिप्लॉय स्क्रिप्ट चालवावी, नसेल तर गप्प बसावे. जोडणी आतून बाहेर जाते, म्हणून पब्लिक आयपी लागत नाही, पोर्ट उघडावे लागत नाही, सहीचा प्रश्न येत नाही आणि वीज आल्यावर पहिल्याच फेरीत राहिलेला कोड येतो. कुबरनेटीसच्या (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) जगात आर्गो सीडी हेच करते, ते ठरावीक अंतराने, साधारण ३ मिनिटांनी, गिटकडे पाहते. एवढे मोठे साधन ज्या तत्त्वावर उभे आहे ते आपण वीस ओळींत मिळवू शकतो.

यार्ड_भुसावळ

तोरणमाळ भाऊ, वीजपुरवठ्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण मग तपासण्या कुठे चालवणार? कोड आला की थेट लावला, हे मला पटत नाही. गिटहब ॲक्शन्सचा स्वतःच्या यंत्रावर चालणारा रनर (तपासण्या आणि आज्ञा चालवणारा प्रोग्राम) मुक्तस्रोत आहे आणि तोही आतून बाहेर जोडणी करतो. वुडपेकर या तशाच साधनाचा एजंट आणि गिटी या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येणाऱ्या कोड-भांडाराचा रनर यांचेही तसेच आहे. तपासण्या उत्तीर्ण झाल्या तरच डिप्लॉयची पायरी चालेल, नोंदी एका जागी दिसतील.

तोरणमाळ

रनर चांगला आहे, पण तो ज्या यंत्रावर बसतो तिथे भांडारातील फाइलमध्ये लिहिलेली कोणतीही आज्ञा चालते. ज्या यंत्रावर शेतकऱ्यांच्या देण्यांचा डेटाबेस आहे, तिथे मला ते नको. तपासण्या दुसरीकडे चालवाव्यात, उत्तीर्ण झालेला कोडच ‘प्रकाशन’ नावाच्या शाखेत ढकलावा आणि कारखान्यातल्या सर्व्हरने फक्त त्या शाखेकडे पाहावे.

यार्ड_भुसावळ

हा तोडगा मला मान्य आहे. भांडार सार्वजनिक असेल तर स्वतःचा रनर त्याला जोडूच नये, अशी सूचना गिटहबनेही दिलेली आहे, कारण बाहेरच्या माणसाने पाठवलेला बदल आपल्या यंत्रावर चालू शकतो.

सातपुडा_पायथा

मध्येच एक विचारतो. आमच्याकडे गिटी कार्यालयातच आहे आणि डिप्लॉय करायचा सर्व्हरही त्याच नेटवर्कवर आहे. गिटीचा वेबहुक तिथे पोहोचतच नाही. पत्ता बरोबर आहे, कर्लने तो उघडतो.

अनेर

गिटी वेबहुकसाठी बाहेरचे पत्तेच मुळात मान्य करते, अंतर्गत नेटवर्कचे पत्ते रोखून धरते. सेटिंगच्या फाइलमध्ये वेबहुकच्या विभागात अलाउड होस्ट लिस्ट नावाची ओळ आहे. तिच्यात तुमच्या सर्व्हरचा पत्ता लिहावा आणि गिटी पुन्हा सुरू करावी. त्यानंतर वेबहुकच्या पानावरील तपासणी संदेशाचे बटण दाबून पाहावे. सगळेच अंतर्गत पत्ते खुले करू नयेत, नेमका एकच लिहावा.

सातपुडा_पायथा

चालले. मनापासून आभार, ताई.

केळीमळा_रावेर

उशिरा लिहितो आहे, पण पेमेंटच्या वेबहुकबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. डिप्लॉयमेंटचा संदेश दोनदा आला तर फार तर काम दोनदा होते. पैशांचा संदेश दोनदा आला आणि आपण तो दोनदा जमा धरला तर व्यापाऱ्याचे खाते बिघडते. आमच्या भागातील एका दुकानात असे घडले. इंटरनेट हळू होते, सर्व्हरने पैसे जमा धरले, परंतु उत्तर गेटवेपर्यंत वेळेत गेले नाही. गेटवेने नियमाप्रमाणे तोच संदेश पुन्हा पाठवला आणि शेतकऱ्याच्या खात्यावर तीच रक्कम पुन्हा चढली. शेतकरी प्रामाणिक होता, त्याने स्वतः येऊन सांगितले. पण प्रत्येक वेळी कोणी येऊन सांगेल यावर हिशेब चालत नाही.

रेझरपेचे उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे ते बरेच वापरले जाते. उत्तर मिळाले नाही तर ते अंतर वाढवत वाढवत २४ तास तोच संदेश पाठवत राहतात. प्रत्येक घटनेचा एक ओळखक्रमांक शीर्षकात येतो. तो डेटाबेसच्या वेगळ्या तक्त्यात युनिक बंधनासह (तीच नोंद दुसऱ्यांदा घालू न देणाऱ्या नियमासह) ठेवावा. नोंद आधीपासून असेल तर काहीही न करता ‘मिळाले’ या अर्थाचे २०० उत्तर द्यावे. ‘आधी शोधतो, नसेल तर घालतो’ असे दोन पायऱ्यांत लिहू नये, कारण दोन संदेश एकाच क्षणी आले तर दोघांनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळते. घालण्याचाच प्रयत्न करावा आणि बंधन तुटल्याची चूक आली तर संदेश जुना आहे असे समजावे. ही नोंद आणि पैसे जमा धरणे एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही, अशा) असावे.

संदेशांचा क्रमही निश्चित नसतो. रक्कम मिळाल्याचा संदेश आधी आणि मंजुरीचा नंतर, असेही होऊ शकते. म्हणून संदेश आला की तो खबर मानावी आणि अंतिम स्थिती गेटवेच्या एपीआयला विचारूनच लिहावी. बाजार समितीत घंटा वाजली म्हणजे लिलाव सुरू झाला एवढेच कळते, भाव जाणून घ्यायला ओट्यापर्यंत जावेच लागते.

यार्ड दादा आणि तोरणमाळ दादा डिप्लॉयमेंटबद्दल जे बोलत आहेत, तेही मला याच जातीचे वाटते. संदेशावर पूर्ण भार टाकला की आपण अडकतो. रोज रात्री एकदा गेटवेकडील दिवसभराचे व्यवहार मागवून आपल्या नोंदींशी ताडून पाहणारी स्क्रिप्ट असावी, म्हणजे संदेश हरवला तरी व्यवहार हरवत नाही.

अमळनेर_सर

केळीमळा, हे वर्गात वाचून दाखवण्यासारखे आहे. परवानगी असावी.

केळीमळा_रावेर

सर, अवश्य.

देवपूर_धुळे

डिप्लॉय स्क्रिप्टच्या आत काय असावे याबद्दल आता लिहितो, कारण साधन कोणतेही घेतले तरी खरी गुणवत्ता त्या स्क्रिप्टमध्ये असते.

चालू फोल्डरमध्येच गिट पुल करणे टाळावे. पुल चालू असताना अर्ध्या फाइली नव्या आणि अर्ध्या जुन्या असतात, आणि नेमक्या त्या क्षणी कोणी काटा पावती काढत असेल तर चूक येते. रुबीतील कॅपिस्ट्रानोने रूढ केलेली पद्धत आजही सर्वांत समाधानकारक आहे. प्रत्येक प्रकाशनासाठी नवे फोल्डर करावे, अवलंबने तिथे बसवावीत, आणि सगळे तयार झाल्यावरच ‘करंट’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) नव्या फोल्डरकडे वळवावी. नवी लिंक दुसऱ्या नावाने तयार करून मग तिचे नाव बदलावे, कारण नाव बदलण्याची क्रिया एका झटक्यात होते, मधली अवस्था कोणाला दिसत नाही. परत फिरायचे झाले तर लिंक जुन्या फोल्डरकडे वळवली की झाले. पीएचपीसाठी डिप्लॉयर हे मुक्तस्रोत साधन हीच रचना तयार करून देते. सर्व्हर अनेक असतील तर ॲन्सिबल घ्यावे. ते एसएसएचवर चालते, सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट कुलपाची. दोघांनी पाठोपाठ पुश केले तर दोन डिप्लॉय एकाच वेळी सुरू होतात, म्हणून एफलॉक लावतात. पण बरेच जण ‘कुलूप मिळाले नाही तर निघून जा’ हा पर्याय लावतात. वेबहुकवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्यामुळे दुसऱ्याचा कोड लागतच नाही, पहिला डिप्लॉय मात्र यशस्वी दिसतो. कुलूप मिळेपर्यंत थांबावे, आणि कुलूप मिळाल्यानंतर शाखेचे ताजे टोक आणावे. संदेशात लिहिलेली कमिट (कोडची नोंदवलेली अवस्था) धरून बसू नये. टायमरच्या पद्धतीत निघून गेले तरी चालते, कारण पुढची फेरी येणारच असते.

डेटाबेसमधील बदल मात्र सिमलिंकने परत फिरत नाहीत. रकाना काढायचा असेल तर आधीच्या प्रकाशनात त्याचा वापर बंद करावा आणि पुढच्या प्रकाशनात तो काढावा. कारखान्याच्या हंगामात तर रकाना काढण्याची घाई करूच नये, दिवाळीनंतर आवक जोरात असते तेव्हा काटा एक तास थांबला तरी गाड्यांची रांग रस्त्यावर येते.

सातमाळा

मी जेन्किन्सची बाजू मांडली होती. इथल्या दोन कामांसाठी ते मोठे ठरेल हे आता पटते. दहा-बारा प्रकल्प, वेगवेगळ्या भाषा आणि स्वतंत्र बांधणीची यंत्रे असतील तर मात्र मी आजही तेच निवडेन. लहान स्क्रिप्ट अशा ठिकाणी इतक्या वाढतात की लिहिणाऱ्यालाच त्या उलगडत नाहीत.

यार्ड_भुसावळ

याच्याशी मी सहमत आहे.

गिरणाकाठ

सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. धागा आमच्या तिघांनी एकत्र बसून वाचला. आमचे ठरले ते असे. कारखान्यासाठी ‘प्रकाशन’ शाखा, सिस्टमडीचा टायमर आणि देवपूर दादांनी सांगितलेली फोल्डरांची रचना. व्हीपीएससाठी गो भाषेतील वेबहुक, तीच डिप्लॉय स्क्रिप्ट, आणि शिवाय दर अर्ध्या तासाने फिरणारा टायमर, म्हणजे संदेश हरवला तरी कोड पोहोचेल. पेमेंटच्या तपासणीसाठी जतन केलेले संदेश आणि कर्ल, नवा साचा पाहायचा असेल तेव्हा लॅपटॉपवरील डॉकरमध्ये वेबहुक डॉट साइट. गेटवेचा ओळखक्रमांक युनिक बंधनासह ठेवण्याचे काम सर्वांत आधी हाती घेत आहोत.

तपासणीच्या यंत्रावर ही रचना उभी केली तेव्हा दोन प्रश्न उरले. सिमलिंक वळवल्यानंतरही काही काळ वेबसाइट जुनाच कोड दाखवते, ते का? आणि कारखान्यातल्या सर्व्हरला कोड फक्त वाचण्याची परवानगी कशी द्यावी? तिथे आमच्यापैकी कोणाची वैयक्तिक किल्ली ठेवायची नाही.

देवपूर_धुळे

पहिल्याचे उत्तर एनजिनएक्समध्ये आहे. पीएचपीकडे फाइलचा मार्ग पाठवताना डॉक्युमेंट रूट हे चल वापरले असेल तर सिमलिंकचाच मार्ग जातो आणि पीएचपी आपल्या स्मृतीतील जुनी फाइल काढून देते. त्या जागी रिअलपाथ रूट वापरावे. मग प्रत्यक्ष फोल्डरचा मार्ग जातो आणि नवे प्रकाशन पीएचपीला नवीच फाइल वाटते. बदल एकाच ओळीचा आहे, स्क्रिप्ट फाइलनेमचा पॅरामीटर पाहावा.

तोरणमाळ

दुसऱ्यासाठी डिप्लॉय की वापरावी. सर्व्हरवरच एसएसएच किल्ल्यांची नवी जोडी तयार करावी आणि तिची सार्वजनिक बाजू भांडाराच्या सेटिंगमध्ये जोडावी. लिहिण्याची परवानगी वेगळी खूण केल्याशिवाय मिळत नाही, ती खूण करू नये. गिटहबवर एक किल्ली एकाच भांडाराला जोडता येते. म्हणून दुसरे भांडार लागले तर दुसरी जोडी करून एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोघांना वेगळी होस्ट नावे द्यावीत आणि गिटच्या पत्त्यात तीच नावे वापरावीत. यंत्र दुरुस्तीला बाहेर जाणार असेल तर ते कारखान्यातून हलण्यापूर्वी त्या किल्लीची नोंद भांडारातून काढून टाकावी, आणि परत आल्यावर नवी जोडी करावी.